कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटामागे कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात दरवर्षी ४० लाख हेक्टरांच्या आसपास कपाशी लागते आणि त्यातली बहुतेक पावसावर जगते. तिचं बियाणं जालना, हैदराबाद, मोन्सॅन्टोचं सेंट लुईस आणि बायरचं लेव्हरकुझेन या गावांना बांधून ठेवणाऱ्या करारांतून आपल्या बांधावर येतं. शेतकरी मेळाव्यांत, कृषी महाविद्यालयांतल्या मुलांकडून आणि पुण्या-मुंबईत राहून गावाकडची जमीन सांभाळणाऱ्या वाचकांकडून या करारांबद्दल पुन्हापुन्हा तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

दुकानात तर चाळीस-पन्नास नावं दिसतात. मग मक्तेदारी कसली?

पाकिटावरची नावं वेगळी असतात, वाणही वेगळे असतात. पण बोंडअळीला मारणारं जे जनुक बियाण्यात घातलेलं असतं, ते जवळपास सगळ्या पाकिटांत एकाच ठिकाणाहून आलेलं आहे. मोन्सॅन्टो या अमेरिकन कंपनीने ते जनुक महिकोबरोबरच्या भागीदारीतून भारतात आणलं आणि मग ४५हून जास्त भारतीय बियाणे कंपन्यांना वापरायला दिलं. वापराबद्दल दर पाकिटामागे ठरावीक रक्कम द्यायची, असा करार होता. आज देशातल्या कपाशीचं नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटीखाली, म्हणजे असं जनुक घातलेल्या बियाण्याखाली आहे.

म्हणजे कृषी केंद्रात उभा असलेला शेतकरी निवड करतो ती झाडाची उंची, बोंडाचा आकार, लवकर येणारं की उशिरा येणारं यांतून. किडीविरुद्धच्या तंत्रज्ञानात त्याला निवड नसते. एकाही कंपनीची मालकी न घेता सगळ्या बाजारावर हुकूमत चालवता येते, हे या व्यवहाराने दाखवून दिलं. मालकी शोधत बसलात तर काही सापडणार नाही, कारण सत्ता परवान्याच्या कागदात आहे. पुढच्या जवळपास प्रत्येक उत्तरात हा कागद येणार आहे.

महिको तर जालन्याची. ती यात कशी आली?

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली. भेंडी, ज्वारी, बाजरी, कपाशी यांचं संकरित बियाणं शेतकऱ्यांच्याच शेतावर तयार करून घेण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि जालना बियाण्यांचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांचं काम मोठंच होतं, आणि पुढचा सगळा इतिहास सांगताना ते झाकलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

त्याच वर्षी मोन्सॅन्टोने महिकोत २६ टक्के भांडवल घेतलं. दोघांनी निम्म्या-निम्म्या वाट्याची ‘महिको मोन्सॅन्टो बायोटेक’ ही तिसरी कंपनीही काढली. तिचं काम जनुकाचे परवाने देणं आणि पैसे गोळा करणं. यातला २६ टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्या कंपनी कायद्यात महत्त्वाचे ठराव मंजूर करायला तीन चतुर्थांश मतं लागतात. ज्याच्याकडे पावाहून जास्त मतं, त्याला कंपनी चालवता येत नसली तरी असे ठराव अडवता येतात.

मार्च २००२ मध्ये केंद्राच्या जनुकीय मान्यता समितीने बीटी कपाशीच्या तीन वाणांना परवानगी दिली. तिन्ही महिकोचे होते.

रॉयल्टी म्हणजे नेमके किती पैसे?

पहिल्या काही वर्षांत ४५० ग्रॅमचं पाकीट १,६०० रुपयांच्या पुढे विकलं जात होतं. साधं संकरित बियाणं तेव्हा चार-पाचशेत मिळायचं. २००५च्या सुमारास एका पाकिटामागे साडेबाराशे रुपये निव्वळ तंत्रज्ञानाचे घेतले जात होते. ज्या कंपनीने वाण तयार केला, ज्या शेतकऱ्याने बीजोत्पादन केलं, ज्या मजूर बायांनी एकेका फुलाचे पुंकेसर हाताने काढून संकर केला, त्या सगळ्यांना मिळून उरलेल्या पैशांत भागवावं लागे.

हे पैसे सरकारी करासारखे आपोआप गोळा होत. परवानाधारक कंपनी पाकिटं विकणार, विक्रीचा हिशेब देणार आणि ठरलेली रक्कम वरती पाठवणार. पाऊस पडो न पडो, कापूस पिको न पिको, पाकीट विकलं गेलं की पैसे आलेच. धोका सगळा शेतात राहिला.

मग आज पाकीट आठ-नऊशेच्या घरात कसं आलं?

सरकारने कायदा वापरला म्हणून. २००६ साली आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेलं. याच तंत्रज्ञानासाठी अमेरिकेत आणि चीनमध्ये कितीतरी कमी पैसे घेतले जातात, मग भारतीय शेतकऱ्याकडून इतके का, हा त्यांचा सवाल होता. आयोगाने मे महिन्यात रॉयल्टी कमी करायला सांगितलं, राज्याने पाकिटाची कमाल किंमत ७५० रुपये ठरवली आणि इतर राज्यं त्याच वाटेने गेली. महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्याच्या किमतीसाठी स्वतंत्र कायदा केला.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने सगळ्या देशासाठी किंमत नियंत्रण आदेश काढला. मार्च २०१६ मध्ये बोलगार्ड-२ची, म्हणजे मोन्सॅन्टोच्या दोन जनुकं असलेल्या बीटी बियाण्याची, कमाल किंमत ८०० रुपये आणि तंत्रज्ञान शुल्क ४९ रुपये ठरलं. त्याआधी हे शुल्क १६३ रुपयांच्या आसपास होतं. पुढे ते ३९ झालं, मग २०, आणि २०२० साली शून्य. बोलगार्ड-२च्या पाकिटाची कमाल किंमत २०२४ साली ८६४ रुपये होती.

साडेबाराशेवरून शून्यावर यायला पंधरा वर्षं लागली. इतकं शुल्क उतरूनही बियाणं बाजारातून गायब झालं नाही. यावरून सुरुवातीच्या शुल्काबद्दल काय समजायचं ते वाचकांनी ठरवावं.

कंपनीने हे मुकाट्याने मान्य केलं?

नाही. मार्च २०१६ मध्ये, किंमत ठरण्याच्या तोंडावर, मोन्सॅन्टोने भारतातल्या व्यवसायाचा फेरविचार करू असं जाहीर केलं. मे महिन्यात कृषी मंत्रालयाने परवान्यांसाठी नियमावली काढली. तंत्रज्ञान मागेल त्या पात्र कंपनीला परवाना द्यायचा आणि पहिली पाच वर्षं रॉयल्टी बियाण्याच्या किमतीच्या दहा टक्क्यांपुढे न्यायची नाही, असं तिच्यात होतं. आठवडाभरात ती अधिसूचना मागे घेऊन तिचा ‘मसुदा’ करण्यात आला. ऑगस्टमध्ये तणनाशक सहन करणाऱ्या नव्या कपाशीच्या मान्यतेसाठीचा अर्ज परत घेतला गेला.

बियाणे उद्योगाची संघटनाही त्याच काळात दुभंगली. जुन्या राष्ट्रीय संघटनेत हैदराबादच्या नुजिवीडूसारख्या देशी कंपन्यांचा आवाज मोठा होता. बहुराष्ट्रीय आणि संशोधनावर खर्च करणाऱ्या कंपन्यांनी आपला वेगळा महासंघ काढला. कृषी मंत्रालयात जाऊन मत मांडणारे उद्योगाचे प्रतिनिधी त्यानंतर दोन झाले. शेतकऱ्याचा प्रतिनिधी त्या खोलीत नियमाने असावा, अशी कायमची सोय मात्र झाली नाही.

भारतात बियाण्यावर पेटंट मिळत नाही, असं ऐकलं होतं. मग हे कसं?

बरोबर ऐकलंत. पेटंट कायद्याच्या कलम ३(ज) प्रमाणे वनस्पती, बियाणं आणि वाण यांवर पेटंट देता येत नाही. पेटंट होतं ते जनुकाच्या रचनेवर आणि ते वनस्पतीत घालण्याच्या पद्धतीवर. तेही दुसऱ्या जनुकावर, म्हणजे बोलगार्ड-२मधल्या क्राय२एबीवर. पहिल्या जनुकाचं पेटंट मोन्सॅन्टोने भारतात घेतलेलंच नव्हतं. तरी त्याची रॉयल्टी वर्षानुवर्षं वसूल झाली, कारण करारावर सह्या झाल्या होत्या आणि सुरुवातीची काही वर्षं मान्यता मिळालेलं जनुक दुसरीकडे मिळत नव्हतं.

रोपात एकदा शिरलेलं जनुक रोपाबरोबरच वाढतं, मग त्यावर पेटंट चालेल का, यावर मोठा खटला झाला. नुजिवीडूने ठरलेली रॉयल्टी देणं थांबवलं, मोन्सॅन्टोने २०१५ साली करार रद्द केला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०१८ मध्ये खंडपीठाने पेटंटच अवैध ठरवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला आणि पुरावे तपासून रीतसर सुनावणी करा म्हणून खटला परत पाठवला. त्याच वर्षाच्या अखेरीस पेटंटची मुदत संपली. २०२१ साली दोन्ही कंपन्यांनी आपसांत तडजोड केली. मूळ प्रश्नाचं उत्तर देशाला मिळालंच नाही, आणि पुढचं जनुक येईल तेव्हा आपण पुन्हा त्याच जागी उभे असू.

देशी कंपनी जिंकली असती तर शेतकऱ्याचं भलं झालं असतं का?

मला तसं वाटत नाही. वाद होता तो पाकिटाच्या किमतीतला वाटा कुणी किती घ्यायचा याचा. परवानाधारक कंपन्यांना रॉयल्टी कमी हवी होती. ती कमी झाल्यावर वाचलेले पैसे शेतकऱ्याकडे आले ते सरकारने कमाल किंमत ठरवली तेवढ्यापुरतेच. कंपनी देशी आहे म्हणून ती आपली, ही समजूत महाग पडते.

अमेरिकेत, चीनमध्ये बीटी कपाशीचे सरळ वाण आहेत. आपल्याकडे फक्त संकरित का?

सगळ्यांत कमी विचारला जाणारा हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून याला जास्त जागा देतो.

सरळ वाणाची सरकी शेतकरी राखून ठेवू शकतो. पुढच्या वर्षी तीच लावली तरी पीक तसंच येतं. संकरित वाणाची सरकी लावली तर दुसऱ्या पिढीत झाडं मिसळीची, उंच-बुटकी, उशिरा-लवकर येणारी होतात. म्हणून दरवर्षी दुकानात जावंच लागतं. २००१ सालचा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा, ब्रँडचं नाव न लावता विकण्याचाही हक्क देतो. इतका चांगला कायदा जगात फार थोड्या देशांकडे आहे. पण पीकच संकरित असेल तर हा हक्क हातात असून वापरता येत नाही. कायद्याने जे राखून दिलं, ते जीवशास्त्राने काढून घेतलं. जनुक संकरित वाणांतच द्यायचं हा निर्णय कंपन्यांचा होता, आणि त्याला मान्यता देणाऱ्यांनीही तो कधी अडवला नाही.

परिणाम फक्त पैशांत झाला नाही. संकरित बियाणं महाग, म्हणून शेतकरी एकरी झाडं कमी लावतो. झाडं मोठी होतात आणि पीक लांबतं. पाटाच्या पाण्याखाली हे चालून जाईल. यवतमाळ-वाशिमच्या हलक्या जमिनीत पाऊस संपल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात बोंडं भरायला ओलच उरत नाही. शिवाय फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवलं, की गुलाबी बोंडअळीला जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत खायला मिळतं. कमी दिवसांचे सरळ वाण दाट लावा, असं नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. त्यांचं म्हणणं बाजाराने ऐकलं नाही, कारण दरवर्षी न विकल्या जाणाऱ्या बियाण्यात बाजाराला रस नव्हता.

सरकारने स्वतःचं बीटी बियाणं का काढलं नाही?

काढलं होतं. नागपूरची संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी ‘बिकानेरी नरमा बीटी’ हा सरळ वाण तयार केला आणि २००९च्या हंगामात तो शेतकऱ्यांना दिलाही. बियाणं स्वस्त आणि राखून ठेवता येणारं. पण त्यात मोन्सॅन्टोच्या जनुकाचे अंश सापडले आणि वाण मागे घ्यावा लागला. सार्वजनिक संशोधनाची पत त्यात गेली ती बरीच वर्षं परत आली नाही.

पुढे क्राय१एसी या पहिल्या जनुकावर कुणाचा हक्क नाही हे स्पष्ट झाल्यावर नागपूरच्या संस्थेने आणि कृषी विद्यापीठांनी बीटी सरळ वाण पुन्हा काढायला घेतले. महाबीज आणि परभणीच्या विद्यापीठाने नांदेड-४४ हा जुना, रस शोषणाऱ्या किडींना तोंड देणारा संकरित वाण बीटी रूपात आणला. पण तोवर गुलाबी बोंडअळीला ही जनुकं पचायला लागली होती.

म्हणजे बीटीचा फायदा झालाच नाही?

झाला, आणि तो नाकारणारे शेतकऱ्यांशी बोललेले नसतात. २००२च्या आधी हिरव्या बोंडअळीने लोक हैराण होते, आठ-दहा फवारण्या करूनही पीक जायचं. बीटीने ती अळी आवरली आणि सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या. देशाची रुईची उत्पादकता हेक्टरी ३०० किलोच्या आसपास होती, ती २००७च्या सुमारास ५०० किलोच्या पुढे गेली. त्या वाढीत गुजरातमधल्या नव्या सिंचनाचा, खतांचा आणि चांगल्या पावसाचाही वाटा होता. त्यानंतर ती तिथेच अडकली आणि पुढे ४५० किलोच्या आसपास उतरली. फवारण्या पुन्हा वाढल्या, आधी रस शोषणाऱ्या किडींसाठी, मग गुलाबी बोंडअळीसाठी.

बायरने मोन्सॅन्टो घेतल्याने काय बदललं?

२०१६ ते २०१९ या काळात जगाच्या बियाणे धंद्याचा नकाशा नव्याने काढला गेला. डाऊ आणि ड्यूपाँट २०१७ मध्ये एक झाल्या आणि त्यांचा शेतीचा भाग २०१९ साली ‘कॉर्टेव्हा’ म्हणून वेगळा निघाला. चीनच्या सरकारी मालकीच्या केमचायनाने २०१७ मध्ये स्वित्झर्लंडची सिंजेंटा ४३ अब्ज डॉलरना घेतली. जून २०१८ मध्ये जर्मनीच्या बायरने मोन्सॅन्टो सुमारे ६३ अब्ज डॉलरना घेतली आणि मोन्सॅन्टो हे नावच पुसून टाकलं. नियामकांनी बायरला काही धंदे विकायला लावले, ते बीएएसएफने घेतले. पूर्वीच्या सहा मोठ्या कंपन्यांच्या चार झाल्या. जगातल्या विकत मिळणाऱ्या बियाण्याच्या उलाढालीतला निम्म्याच्या आसपास वाटा या चौघींकडे आहे, कीटकनाशक-तणनाशकांत त्याहून जास्त.

भारताच्या स्पर्धा आयोगाने बायरच्या व्यवहाराला अटी घालून मंजुरी दिली. मोन्सॅन्टोकडचा महिकोचा २६ टक्के वाटा विकायचा ही त्यातली एक अट. जालन्यातल्या कंपनीच्या भांडवलाचा निर्णय अशा रीतीने जर्मनी-अमेरिकेतल्या सौद्याचा एक परिच्छेद बनला.

या चार कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करतात ना?

विक्रीच्या मैदानात करतात. पण त्यांचं तंत्रज्ञान एकमेकींत गुंतलेलं आहे. २०१३ साली ड्यूपाँटने मोन्सॅन्टोच्या सोयाबीन तंत्रज्ञानासाठी किमान १.७५ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि त्या करारात दोघींमधले कोर्टातले वाद मिटले. मक्याच्या एकाच दाण्यात मोन्सॅन्टो आणि डाऊ या दोघींची जनुकं एकत्र विकली गेली आहेत. प्रतिस्पर्धी कंपनीच्या विक्रीतून आपल्यालाही पैसे मिळत असतील, तर तिला बुडवण्याची घाई कुणाला असेल? आणि नव्या, लहान कंपनीला या वर्तुळात शिरायचं तर सगळ्यांकडून परवाने घ्यावे लागतात.

‘ब्लॅकरॉक आणि व्हॅनगार्ड जग चालवतात’ असे व्हिडिओ फिरतात. खरं आहे का?

जसं सांगतात तसं खरं नाही, पण त्यामागे पाहण्यासारखी गोष्ट आहे.

या संस्था लोकांच्या पेन्शनचे, बचतीचे पैसे शेअरमध्ये गुंतवतात. इंडेक्स फंडामुळे त्यांच्याकडे जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीचे थोडेथोडे शेअर असतात. बायर आणि मोन्सॅन्टो वेगळ्या होत्या तेव्हाही ब्लॅकरॉक दोन्हींत होती. पाच-सात टक्के शेअर असलेला गुंतवणूकदार रोज फोन करून बियाण्याचा भाव ठरवत नाही. पण एकाच धंद्यातल्या सगळ्या स्पर्धकांचे मोठे भागधारक तेच असतील, तर कंपन्यांनी भावयुद्ध करावं अशी इच्छा त्यांना नसते. युरोपीय आयोगाने २०१७ साली डाऊ-ड्यूपाँटच्या निर्णयात या मुद्द्याची दखल घेतली.

झुरिचच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी २०११ साली ४३,०६० बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या भागभांडवलाचा आलेख मांडला. त्यात १४७ कंपन्यांचा एक घट्ट गाभा दिसला. या कंपन्या एकमेकींच्या मालकीत गुंफलेल्या होत्या आणि सगळ्या जाळ्यातल्या सुमारे ४० टक्के आर्थिक मूल्यावर त्यांचं नियंत्रण होतं. त्यातल्या तीन चतुर्थांश बँका आणि वित्तसंस्था. गुप्त कट वगैरे संशोधकांनी म्हटलेलं नाही. शेअर असणं आणि हुकूम चालवणं यांत फरक आहे, हा त्यांच्यावरचा आक्षेपही योग्यच आहे. पण कट नसतानाही सत्ता गोळा होऊ शकते, हे त्या आलेखातून दिसतं, आणि मला ते कटाच्या गोष्टीपेक्षा जास्त चिंतेचं वाटतं. कट उघड करता येतो, पण इथे सगळे करार आधीच कायदेशीर आहेत.

बियाणं आणि औषध एकाच कंपनीचं असलं तर काय बिघडलं?

ज्या चार कंपन्या बियाण्यात पुढे, त्याच कीटकनाशकांतही पुढे. बियाण्याने अळी आवरली नाही तर दुसऱ्या फळीवरची बाटली विकली जाते. कंपन्या मुद्दाम बियाणं बिघडवतात असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण तंत्रज्ञान निकामी झाल्यावर तोटा सोसावा लागणार असेल तरच कुणी त्याची आधीपासून काळजी घेतं, आणि इथे तो तोटा ज्यांच्याकडे जायला हवा त्यांच्याकडे जात नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात हे सगळं एकदम अंगावर आलं. उंच वाढलेली कपाशी, दमट हवा, डोक्यावरून येणारा फवारा, अंगावर संरक्षक कपडे नाहीत. वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यांत होते. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातली बोंडं पोखरली. मृतांपैकी दोघांच्या पत्नी आणि वाचलेला एक शेतकरी यांनी २०२१ साली थेट स्वित्झर्लंडमध्ये, बासेलच्या न्यायालयात सिंजेंटावर दावा लावला. आपल्या औषधामुळे हे घडलं हे कंपनीला मान्य नाही. जिथे कंपनीचं मुख्यालय आहे तिथे जाऊन यवतमाळच्या बायकांनी दाद मागितली, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली गेली पाहिजे.

चोरबीटी लावणं म्हणजे कंपन्यांविरुद्धचं बंड आहे का?

तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला देशात मान्यता नाही, तरी विदर्भात ती ‘चोरबीटी’ म्हणून सर्रास मिळते. निंदणाला मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, हे तिचं खरं कारण आहे. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर इथे तिची उघड लागवड करून सत्याग्रह केला. तंत्रज्ञान निवडण्याचं स्वातंत्र्य ही शरद जोशींची जुनी मांडणी, आणि त्यामागची तळमळ मला कळते.

पण चोरबीटीचं पाकीट विकत घेताना शेतकऱ्याला बिल मिळत नाही. उगवण झाली नाही तर तक्रार करता येत नाही. नफा निनावी विक्रेत्याकडे जातो. आणि ते बियाणं ज्या तणनाशकाशिवाय निरुपयोगी आहे, त्याचा बाजार वाढतो. त्याला बंड म्हणायला मी तयार नाही.

आपल्या कंपन्या परदेशात हेच करत नाहीत का?

करतात. वापीत १९६९ साली सुरू झालेल्या आणि मुंबईतून चालणाऱ्या यूपीएलने २०१९ साली अ‍ॅरिस्टा ही कंपनी ४.२ अब्ज डॉलरना घेतली आणि जगातल्या मोठ्या कीटकनाशक कंपन्यांत जागा मिळवली. तिच्या अ‍ॅडव्हान्टा या बियाणे कंपनीत अमेरिकन गुंतवणूक संस्था केकेआरचे पैसे आहेत. ब्राझीलच्या शेतकऱ्याला ती बहुराष्ट्रीयच वाटत असणार.

कंपनी शेतकऱ्यावर खटला भरू शकते?

भरते. एप्रिल २०१९ मध्ये पेप्सिकोने चिप्सच्या बटाट्याचा आपला नोंदणीकृत वाण लावल्याबद्दल गुजरातच्या काही शेतकऱ्यांवर दावे लावले आणि एकेकाकडे एक कोटीहून जास्त भरपाई मागितली. देशभर संताप झाला, मे महिन्यात दावे मागे घेतले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये वाण प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणी रद्द केली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. शेतकऱ्यांचा हक्क सांगणारं कलम ३९ मात्र जागेवर आहे आणि ते प्रत्येक बटाटा-कपाशीवाल्याने वाचायला हवं.

स्पर्धा आयोग मग कशासाठी आहे?

फेब्रुवारी २०१६ मध्ये आयोगाने बीटीच्या परवाना करारांची चौकशी सुरू केली. त्यातल्या अटी तपासण्यासारख्या आहेत असं त्याला प्रथमदर्शनी वाटलं होतं. कंपनी न्यायालयात गेली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की पेटंटच्या परवान्याचा गैरवापर हा पेटंट कायद्याचा विषय आहे, स्पर्धा आयोगाचा नाही. सात वर्षांनी चौकशी संपली ती अशी.

तुमची मागणी काय? कंपन्या घालवून द्यायच्या?

नाही. जनुक शोधायला पैसा आणि बुद्धी लागते, त्याचा मोबदला मिळायला हवा. माझी मागणी परवान्याच्या कागदाबद्दल आहे. ज्या तंत्रज्ञानावर राज्याची ४० लाख हेक्टर कपाशी उभी राहते, त्याचे करार विधानसभेच्या पटलावर यावेत. रॉयल्टी किती, किती वर्षं, आणि कीड प्रतिकारक झाली तर ती थांबणार का, हे लागवडीआधी छापलेलं असावं. मान्यता देताना सरळ वाणही द्यायची अट घालावी. आणि नागपूर, अकोला, परभणी, राहुरी इथल्या शास्त्रज्ञांच्या रिकाम्या जागा भराव्यात. २००६ आणि २०१६ या दोन्ही वेळा सरकारने कागद उलगडून पाहिला आणि शुल्क खाली आलं. तसं दर वेळी आधीच का होऊ नये?

बियाणं उगवलं नाही किंवा भेसळ निघाली तर मी काय करू?

पक्कं बिल घ्या, त्यावर वाणाचं नाव आणि लॉट नंबर लिहून घ्या. रिकामं पाकीट, त्यावरचा टॅग आणि थोडं बियाणं जपून ठेवा. दुकानदार सोबत दुसरं खत किंवा औषध घ्यायलाच लावत असेल, तर त्या लिंकिंगचीही लेखी तक्रार करा. उगवण कमी दिसली की शेत मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीने शेतावर येऊन पंचनामा करायचा असतो. मोडलेल्या शेतावर पंचनामा होत नाही, आणि बहुतेक दावे याच एका कारणाने पडतात. त्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

ती प्रत घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. शेतकरी हा ग्राहक नाही, असा बचाव बियाणे कंपन्या करायच्या. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात तो फेटाळला, आणि बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता आला नाही एवढ्या कारणाने शेतकऱ्याचा दावा बुडत नाही, हेही स्पष्ट केलं. तुमच्या वकिलाला या निकालाची आठवण करून द्या.